शिक्क्यामागचा माणूस

नर्मदा परिक्रमेला निघालेल्या माणसाच्या झोळीत बहुधा एक वही असते. वाटेतल्या आश्रमांत, मंदिरांत, ग्रामपंचायतींत तो तिच्यावर शिक्का आणि सही घेत जातो. आमच्या चाकूरकडच्या घरांत अशी वही देवघराशेजारी जपून ठेवलेली मी पाहिली आहे. ऐतिहासिक स्थळे आणि संग्रहालये पाहताना शिक्के गोळा करण्याची जी पद्धत जगभर दिसते, तिचे मूळ समजून घ्यायला ही वही पुरेशी आहे.

स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेकरूजवळही असेच शिक्क्यांचे पत्रक असते. किमान 100 किलोमीटर पायी चालल्याचे शिक्के दाखवले की प्रमाणपत्र मिळते. जपानच्या शिकोकू बेटावरील 88 मंदिरांच्या यात्रेत प्रत्येक मंदिरात वहीवर लाल शिक्का उमटवून त्यावर कुंचल्याने अक्षरे लिहून देतात. मुळात ती सूत्र अर्पण केल्याची पोच. पुढे 1931 साली फुकुई स्थानकात प्रवाशांसाठी शिक्का ठेवला गेला आणि ही सवय यात्रेतून प्रवासात आली. अमेरिकेत 1986 पासून राष्ट्रीय उद्याने आणि स्मारकांसाठी शिक्क्यांचे ‘पासपोर्ट’ पुस्तक मिळते.

आपल्याकडे टपाल खात्याचे स्थायी सचित्र शिक्के आहेत. अजिंठा, वेरूळसारख्या ठिकाणच्या टपाल कार्यालयात तिकीट लावलेले पाकीट दिले की त्या स्थळाचे चित्र असलेला शिक्का त्यावर बसतो. संग्राहकांना तो ठाऊक असतो. सहलीला आलेल्या शाळेला सहसा नसतो.

बक्षिसाचा प्रश्न इथेच येतो. नुसते शिक्के मोजून बक्षीस दिले, तर मुले शिक्क्याकडे धावतात आणि वास्तूकडे पाठ फिरवतात. अमेरिकेतल्या ‘ज्युनियर रेंजर’ उपक्रमात मूल त्या स्थळाविषयीची पुस्तिका भरते, रेंजर ती तपासतो आणि मगच बिल्ला देतो. बक्षीस पोहोचल्याचे नाही, पाहिल्याचे आहे.

चाकूरहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल अशा अंतरावर किती शिक्के मिळू शकतील? 1760 च्या लढाईने नाव झालेले उदगीर, खंदकाने वेढलेला औशाचा भुईकोट, खरोशाची लेणी, राष्ट्रकूटांच्या आठवणी सांगणारे कंधार, आणि तेरचे रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय, जिथे सातवाहनकाळातल्या वस्तू डोळ्यांनी पाहता येतात. जुलै 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या 12 किल्ल्यांत मराठवाड्यातला एकही नाही. म्हणून तर अशा पुस्तिकेची गरज इथे अधिक आहे.

पण पुस्तिका छापणे सोपे. आमच्या भागातल्या एका किल्ल्यात मी शाळेची मुले घेऊन दोनदा गेलो. दोन्ही वेळा दार उघडे होते आणि आत सांगणारे कुणीच नव्हते. तिथे टेबलावर शिक्का ठेवला तर आठवडाभरात शाईची डबी वाळेल, नाहीतर शिक्काच जाईल. नर्मदेच्या वहीतला शिक्का टिकतो, कारण तो मारणारा माणूस ‘कुठून आलात, जेवलात का?’ असे विचारतो. तेव्हा गावातलाच एक जाणता तरुण मानधनावर नेमावा, त्याला त्या जागेचा इतिहास शिकवावा, मुलांनी दोन प्रश्नांची उत्तरे दिली की शिक्का त्याने मारावा. शिक्क्याचा खर्च किरकोळ आहे. या माणसाचा खर्च हाच खरा वारसा जपण्याचा खर्च आहे.