सिलिकॉनच्या धमन्या

जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीत बारीक नळी (कॅथेटर) घालायची, ती छातीतून मानेत आणि मानेतून कवटीत न्यायची, मेंदूच्या धमनीला आलेल्या फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी (कॉइल) भरायची आणि फुगा आतूनच बंद करायचा. गुइदो गुलिएल्मी यांची ही कॉइल लॉस एंजेलिसमध्ये १९९० साली पहिल्यांदा रुग्णावर वापरली गेली. उपचार आला, पण हात बसवायचा कुठे? डुकरावर सराव करावा, तर त्याच्या कवटीच्या तळाशी सूक्ष्म धमन्यांचं जाळं असतं. कॅथेटर त्यातून मेंदूपर्यंत पोचतच नाही. मृतदेहात रक्त वाहत नाही, आणि तो टिकवणाऱ्या रसायनांनी धमन्या ताठरतात. मग धमनीच घडवणं आलं.

जपानमध्ये तेव्हा नागोया विद्यापीठात असलेले सेइइची इकेदा आणि तोशिओ फुकुदा हे यंत्रमानवांवर काम करणारे अभियंते. मेंदूशल्यचिकित्सक माकोतो नेगोरो यांना सोबत घेऊन त्यांनी प्रत्यक्ष रुग्णाच्या स्कॅनवरून पारदर्शक, लवचिक धमन्या घडवल्या. पद्धतीचं मूळ ओतारी कामातलं आहे. स्कॅनमधून धमनीची फक्त पोकळी वेगळी काढायची आणि थ्रीडी प्रिंटरवर त्या पोकळीचा भरीव गाभा मेणासारख्या, नंतर काढून टाकता येईल अशा पदार्थात घडवायचा. छपाईच्या थरांच्या बारीक पायऱ्या गाभ्यावर राहतात. त्या घालवल्या नाहीत, तर धमनीच्या आतल्या बाजूला उमटतात आणि कॅथेटरला वाट दाखवणाऱ्या वायरचं टोक तिथे अडखळतं. मग सिलिकॉनचा लेप. गाभा फिरता ठेवावा लागतो, नाहीतर लेप ओघळून एक बाजू जाड होते, दुसरी पातळ. सगळ्यात अवघड जागा म्हणजे दोन फाट्यांमधलं बेचकं. सिलिकॉन तिथे साचतं, आणि मेंदूतले फुगे बहुतेक वेळा फाट्यावरच येतात. ज्या जागेसाठी एवढा खटाटोप, तीच बिघडण्याची भीती सर्वाधिक. लेप घट्ट झाला की गाभा वितळवून किंवा विरघळवून काढतात.

अशी प्रतिकृती दिसायला देखणी असते, पण माझ्या मते तिची खरी परीक्षा घर्षणाची आहे. धमनीचं अस्तर ओलं आणि निसरडं, सिलिकॉन मुळात चिकट. त्यातून कॅथेटर सरकवायला जास्त जोर लागतो. तो जोर हातात मुरला, तर रुग्णाच्या नाजूक धमनीत घात होईल. त्यामुळे आतल्या पृष्ठभागावर प्रक्रिया करतात किंवा खेळवायच्या पाण्यात साबणासारखा पदार्थ मिसळतात. नागोयाच्या गटाने आणखी पुढची गोष्ट केली. ताण पडला की ध्रुवीकृत प्रकाशात रंग दाखवणाऱ्या पॉलियुरेथेनच्या धमन्या त्यांनी बनवल्या. वायर भिंतीवर कुठे आणि किती दाबते, हे शिकणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं. रुग्णाच्या क्ष-किरण पडद्यावर हे दिसत नाही.

अशा धमन्या सरावापुरत्याच नसतात, प्रवाह मोजायला आणि यंत्रं तपासायलाही लागतात. पण हाताला पटलेली धमनी यंत्राला पटेलच असं नाही. प्रवाह लेझरने मोजायचा तर वक्र भिंतीवर प्रकाश वाकतो आणि मोजमाप चुकतं. त्यावर उपाय म्हणून वजनाने सुमारे ६० टक्के ग्लिसरीन असलेलं पाणी भरतात. त्याचा अपवर्तनांक सिलिकॉनइतकाच, सुमारे १.४१, असल्याने भिंत नजरेआड होते. मात्र हे द्रावण रक्तापेक्षा बरंच दाट, त्यामुळे पंपाचा वेग त्या हिशेबाने बदलावा लागतो.

सोनोग्राफीला हेच सिलिकॉन चालत नाही. शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो, सिलिकॉनमध्ये जेमतेम हजार. अंतरं आणि आकार चुकीचे दिसतात. तिथे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं द्रावण पुन्हा पुन्हा गोठवून आणि वितळवून त्याची जेली करतात. जितके फेरे, तितकी भिंत ताठ. भोवतीच्या मांसाच्या जागी अगरचं मिश्रण. नुसत्या पाण्यातून प्रतिध्वनी येत नाही, म्हणून नकली रक्तात नायलॉनचे सुमारे ५ मायक्रॉनचे कण घालतात, जवळपास तांबड्या पेशीएवढे. मगच प्रवाहाचा वेग मोजणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीला प्रवाह सापडतो, आणि यंत्राने सांगितलेला वेग पंपाच्या ठरवून दिलेल्या वेगाशी ताडून पाहता येतो.