बिनतारी यंत्राचें चॅनेल कसें लावावें?

हळदीच्या मळ्यास रात्रीं पाणी देण्याची पाळी आली म्हणजे एक माणूस विहिरीवरील मोटारीपाशीं व दुसरा दांडाच्या टोंकास, अशी कामाची वांटणी होते. मधें कित्येक एकर उभें पीक असतें; साप व रानडुकरें यांचें भय दोघांसही सारखेंच. आपल्या हिंगोली जिल्ह्यांत सेनगांव व औंढा नागनाथ या तालुक्यांच्या डोंगराळ भागांत मोबाइल प्रत्येक खोलगट जागीं लागेलच असें नाहीं. अशा ठिकाणीं हातांत धरण्याचें डिजिटल बिनतारी यंत्र, म्हणजे वॉकीटॉकी, फार उपयोगी पडतें. परंतु दोन यंत्रें विकत आणलीं म्हणजे काम झालें, असें मात्र नाहीं. दोहोंचें चॅनेल तंतोतंत जुळलें नाहीं, तर ऐन संकटांत मारलेली हांक कोणासच ऐकूं जाणार नाहीं.

प्रथम कायद्याची गोष्ट. केंद्र सरकारच्या २०१८ च्या नियमांप्रमाणें ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांस परवान्यावांचून खुला आहे. त्याबाहेरच्या कित्येक लहरी पोलीस व इतर सेवांस नेमून दिलेल्या आहेत. तेथें विनापरवाना बोलणें हा गुन्हा असून त्यांच्या कामांतही व्यत्यय येतो. चार-पांच वॉट शक्तीचें यंत्र या खुल्या पट्ट्यावर लावलें, तरी तें नियमांत बसत नाहीं. म्हणून खरेदीच्या वेळींच सरकारी मान्यतेचा दाखला मागावा. संगणकावरून माल विकणाऱ्यांनीं यंत्राची लहर व परवान्याची आवश्यकता स्पष्ट सांगितली पाहिजे, असें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें मे २०२५ मध्यें ठरवून दिलें आहे.

आतां चॅनेल म्हणजे काय, तें पाहूं. लहर म्हणजे पाण्याची चारी समजा. वरील पट्ट्यांत साडेबारा किलोहर्ट्झ रुंदीच्या सोळा चाऱ्या बसतात. पहिलीचा मध्य ४४६.००६२५ वर येतो. टाइम स्लॉट म्हणजे पाणीपाळी. डिजिटल यंत्रांच्या डीएमआर पद्धतींत एकाच चारींतून दोन संभाषणें आळीपाळीनें जातात व प्रत्येक पाळी सेकंदाच्या हजार भागांपैकीं अवघे तीस भाग टिकते. कलर कोड हा ० ते १५ पैकीं एक आंकडा असून तो शेजाऱ्याच्या गटाचें बोलणें आपल्या यंत्राबाहेर ठेवतो. गटक्रमांक कोणीं ऐकावें तें ठरवितो आणि यंत्रक्रमांक कोण बोलत आहे तें दाखवितो. यंत्रक्रमांक प्रत्येकाचा निराळा असावा. बाकी सर्व गोष्टी दोहोंकडे सारख्याच पाहिजेत.

हे आंकडे आधीं कागदावर मांडून घ्यावे. कांहीं यंत्रांत ते बटनांनीं भरतां येतात, कांहींना तारेनें संगणकास जोडावें लागतें. संगणक जोडल्यावर प्रथम यंत्रांतील मूळ नोंदी वाचून त्यांची एक प्रत जपून ठेवावी व मगच बदल लिहावे. ही प्रत जवळ असली म्हणजे चूक झाली तरी यंत्र पूर्वस्थितीस आणतां येतें. गुप्तसंकेताची सोय असल्यास ती बंद ठेवावी.

नंतर परीक्षा. यंत्रें अगदीं शेजारीं धरूं नयेत. दहा-वीस पावलांवरून बोलावें. ऐकणाऱ्या यंत्राचा दिवा लागला पण आवाज आला नाहीं, तर लहर बहुधा बरोबर असून कलर कोड, स्लॉट किंवा गटक्रमांक यांत फरक असतो. दिवाच लागला नाहीं, तर लहर, बॅटरी व अंतर तपासावें. डिजिटल आवाजाची एक खोड ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत अंतर वाढतांना खरखर वाढत जाते व माणूस सावध होतो. डिजिटल आवाज बराच वेळ स्वच्छ राहतो आणि एकाएकीं तुटतो. यासाठीं परीक्षा मोकळ्या रानांत न करतां पीक दाट व पानें ओलीं असतांना करावी, आणि आवाज जेथें तुटतो त्याच्या बऱ्याच अलीकडे आपली हद्द धरावी.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या भूकंपांत हौशी बिनतारी चालकांनीं निरोप पोहोंचविण्याचें मोठें काम केलें. आपल्या जिल्ह्यासही २१ मार्च २०२४ रोजीं ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. वीज व मोबाइल बंद पडल्यावर चॅनेल जुळवीत बसण्यास अवसर नसतो. यास्तव आमच्या वाचकांनीं आंकड्यांचा कागद घरांत व मोटारीच्या पेटींत असा दोन ठिकाणीं लावावा, महिन्यांतून एकदां बोलून पाहावें, आणि घरांतील बायामाणसांसही यंत्र चालविण्यास शिकवावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. रात्रींची हांक बहुधा घराकडेच यावयाची असते. ती ऐकणारें माणूस घरांत तयार असलें पाहिजे.