खुब्याची कृत्रिम वाटी

खुब्याचा सांधा उखळीचा असतो. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत फिरतो. सांधा बदलताना ही झिजलेली वाटी रीमरने खरवडतात आणि तिथे टायटॅनियमच्या मिश्रधातूची कवची ठोकून बसवतात. खड्ड्यापेक्षा एखाद-दोन मिलिमीटर मोठी कवची घेतली की ती आवळून बसते. बारीक छिद्रांमुळे तिची पाठ हाताला खरखरीत लागते. त्या छिद्रांत पुढे हाड वाढते आणि कायमची पकड येते.

आत गुळगुळीत लायनर. इंग्लंडमध्ये शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांनी वाटीसाठी आधी टेफ्लॉन वापरले, ते काही वर्षांतच झिजले. नोव्हेंबर १९६२पासून त्यांनी अतिउच्च रेणुभाराचे पॉलिथिन घेतले. आजही मुख्य भर त्यावरच आहे. झिजेचे सूक्ष्म कण गिळायला आलेल्या पेशींमुळे भोवतालचे हाड पोखरले जाते, म्हणून खरी लढाई झिजेशी असते. गॅमा किरणांनी रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या की झीज पुष्कळ घटते.

पेच जागेचा आहे. वाटीचा बाहेरचा व्यास ५० मिलिमीटर असेल तर कवची, लायनर आणि कृत्रिम माथ्याचा गोळा यांना तेवढ्यातच मावायचे असते. गोळा मोठा घेतला तर सांधा सहज निखळत नाही, पण लायनर पातळ होतो. उकिडवे बसणाऱ्या, भातलावणीला वाकणाऱ्या कोकणी माणसासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. फ्रान्समध्ये जिल बुस्के यांनी १९७०च्या दशकात लायनरलाही कवचीत फिरू दिले. निखळण्यावरचा हा उत्तम तोडगा आहे.

धातू हाडापेक्षा फार ताठ असल्याने मागच्या हाडावर भार कमी पडतो आणि ते विरळ होते. त्यासाठी कार्बन तंतूंनी बळकट केलेल्या ‘पीक’ पॉलिमरच्या वाट्याही करून पाहिल्या गेल्या. कोकणातल्या लोट्यात मोठा कारखाना असलेल्या घरडा केमिकल्सने हे पॉलिमर देशात बनवले होते, तेही गुजरातेतल्या पानोलीत. पुढे तो व्यवसाय सोल्वे कंपनीकडे गेला. पॉलिथिनची जागा मात्र पीकने घेतलेली नाही.

झीज टाळण्यासाठी धातूवर धातू फिरवणाऱ्या वाट्याही आल्या. त्यांतली एएसआर नावाची वाटी उथळ होती. कडेवरच्या घर्षणातून कोबाल्ट-क्रोमियम रक्तात उतरे. ऑगस्ट २०१०मध्ये ती जगभरातून परत मागवली गेली. भारतात या वाटीच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या, पण त्यांतल्या बहुतेक रुग्णांचा माग लागला नाही. म्हणून खुबा बदलून घेणाऱ्याने वाटीचे नाव व लॉट क्रमांक असलेले स्टिकर रुग्णालयातून मागून घ्यावे आणि जपून ठेवावे.