लष्कराचे गोठे बंद झाले. कायम कामगार बदलीवर, रोजंदारीवाल्याचं काय?

नांदेड/लातूर : फौजेत भरती व्हायचं म्हणून आपल्या भागातली पोरं पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात. पण फौजेच्या आवारात वर्दी न घालता राबणारेही पुष्कळ असतात. कुणी गोदामात माल उतरवतो, कुणी गाड्या दुरुस्त करतो. त्यांचं खातंच बंद झालं तर? मिलिटरी फार्मचं उदाहरण पाहा.

जवानांना दूध आणि लष्कराच्या जनावरांना वाळला चारा पुरवणारे हे फार्म. पहिला 1 फेब्रुवारी 1889 रोजी अलाहाबादला सुरू झाला. पुण्याजवळ पिंपरीतही एक होता. आपल्याकडे जशी लाल कंधारी आणि देवणी, तशी या फार्मची ओळख फ्रीजवाल गाय. साहिवाल आणि होल्स्टीन फ्रीजियनच्या संकरातून ती तयार केली.

पुढे बाजारात दूध सहज मिळू लागलं. लष्कराचा खर्च लढाईच्या कामाकडे वळवावा, असं निवृत्त लेफ्टनंट जनरल शेकटकर यांच्या समितीने सुचवलं. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने 39 फार्म बंद करायचा निर्णय जाहीर केला. 31 मार्च 2021 ला 132 वर्षांचं हे खातं मिटलं. गायी नाममात्र किमतीत सरकारी खात्यांना आणि दूध संघांना देण्याचं ठरलं.

माणसांचं काय? कायम कामगारांना संरक्षण खात्यातच दुसरीकडे घ्यायचं ठरलं. केंद्राचे यासाठी 1990 चे नियम आहेत. जादा ठरलेल्या कर्मचाऱ्याला दुसऱ्या कार्यालयात सामावून घेतात. जुनी नोकरी पेन्शनला धरतात, पण नव्या जागी ज्येष्ठता पहिल्यापासून मोजतात. म्हणजे पगार चालू राहतो, पण बढती लांबते. बदली लांब झाली तर घर आणि लेकरांची शाळाही हलवावी लागते.

रोजंदारी आणि कंत्राटी माणूस या नियमांत बसत नाही. त्याचा मालक कंत्राटदार. कंत्राट संपलं की काम संपलं.

म्हणून डेपो असो की कारखाना, कामाला लागतानाच विचारा, नाव कुणाच्या हजेरीपटावर आहे? पीएफ कापला तर यूएएन नंबर घ्या. हजेरी, पगाराची पावती आणि गेटपासचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा. वर्षात 240 दिवस भरलेल्या कामगाराला कमी करताना दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराएवढी भरपाई देण्याची तरतूद कामगार कायद्यात आहे. मात्र ती मागायला हातात कागद लागतो.