घसरण्याची विद्या

पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर मोटारीचा मागचा भाग जरासा डुलला, तरी आत बसलेली मंडळी देवाचे नाव घेतात. आणि जगात अशीही माणसे आहेत, की जी पदरचे पैसे खर्चून मोटार मुद्दाम घसरविण्यास शिकतात! या खेळाचे नाव ‘ड्रिफ्टिंग’. मागची चाके पकड सोडून वळणाच्या बाहेर सरकतात, पुढची चाके वळणाच्या उलट दिशेला रोखलेली असतात, आणि गाडी खेकड्यासारखी तिरपी होऊन वळण पार करते. घरातल्या तरुणांनी हे दृश्य मोबाईलवर पाहिलेले असते. वडीलधाऱ्यांना तो निव्वळ वेडेपणा वाटतो. पण या वेडालाही शास्त्र आहे, आणि त्याचा ओनामा एखाद्या जुन्या, स्वस्त, आटोमॅटिक गाडीवरही गिरविता येतो.

हा खेळ जपानचा. कुनिमित्सु ताकाहाशी हे मूळचे मोटारसायकलपटू. 1961 साली पश्चिम जर्मनीतील ग्रां प्री त्यांनी जिंकली, आणि अशी जागतिक शर्यत जिंकणारे ते पहिले जपानी ठरले. पुढे ते मोटारींच्या शर्यतींत उतरले, आणि 1970 च्या दशकात वळणावर गाडी घसरती ठेवण्याची त्यांची तऱ्हा पाहून प्रेक्षक खूष झाले. त्यांचा कित्ता गिरविणारे केइची त्सुचिया घाटरस्त्यांवर तयार झाले. घाटाला जपानीत ‘तोगे’ म्हणतात. रात्रीच्या वेळी त्या घाटांत चालणारा हा जिवावरचा खेळ हळूहळू बंदिस्त मैदानावर आला. 2001 साली जपानमध्ये ‘डी-वन ग्रां प्री’ ही स्पर्धामालिका सुरू झाली, आणि 2004 साली अमेरिकेत ‘फॉर्म्युला ड्रिफ्ट’.

शिकाऊ माणसाने गाडी कोणती घ्यावी? पहिली अट अशी, की इंजिनची ताकद मागच्या चाकांना गेली पाहिजे. आपल्याकडच्या लहान मोटारी बहुतेक पुढच्या चाकांनी ओढल्या जातात. त्या या कामाच्या नाहीत. अशा खेळात क्लचच्या गाडीला मागणी फार, म्हणून तिचा भावही चढा. तीच गाडी आटोमॅटिक असली, की स्वस्तात पदरात पडते. जपानमध्ये 1998 साली आलेली टोयोटाची ‘अल्टेझा’ अमेरिकेत ‘लेक्सस आयएस 300’ या नावाने गेली. तीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, ताकद मागच्या चाकांना, आणि कित्येक गाड्या आटोमॅटिक. शिकाऊ मंडळींना ही मोठीच सोय झाली.

मात्र आटोमॅटिकचे स्वभावदोष ओळखून घ्यावे लागतात. क्लच एकदम सोडून मागच्या चाकांना झटका देण्याची युक्ती येथे चालत नाही. गाडी ऐन घसरणीत असताना गिअर आपोआप बदलला, तर चाकांना मिळणारी ताकद क्षणभर तुटते, चाके पुन्हा पकड घेतात, आणि गाडी भलत्याच दिशेला उसळते. म्हणून दांडा खालच्या गिअरवर अडकवून ठेवावयाचा. काही आटोमॅटिक गाड्यांत पार्किंगचा ब्रेक पायाने दाबावयाचा असतो. घसरण सुरू करण्यास हाताने ओढावयाचा ब्रेक हवा, हे गाडी घेतानाच पाहून ठेवावे.

आता खर्चाचा क्रम. नवख्याचा पहिला मोह इंजिनची ताकद वाढविण्याचा असतो. जाणते मेकॅनिक प्रथम बॉनेट उघडून पाणी आणि तेल पाहतात. आटोमॅटिक गाडीत इंजिनची ताकद तेलाच्या माध्यमातून गिअरबॉक्सकडे जाते. चाके सतत जागच्या जागी फिरू लागली, की ते तेल भयंकर तापते आणि गिअरबॉक्स जळण्याची पाळी येते. म्हणून जुने तेल बदलावे, आणि रेडिएटरच्या पुढे तेलासाठी वेगळा कूलर बसवावा. फेऱ्यांच्या मधून गाडीला दम खाऊ द्यावा.

दुसरा खर्च डिफरन्शियलचा. वळणावर आतल्या व बाहेरच्या चाकाला वेगवेगळ्या गतीने फिरू देणे हे त्याचे काम. पण घसरणीत हलके झालेले आतले चाकच गरगर फिरते आणि दुसरे आळशासारखे बसते. दोन्ही चाकांना बरोबर राबविणारे खास डिफरन्शियल महाग असते. गरीब माणूस आतील दाते वेल्डिंगने जोडून टाकतो. तेवढ्याने काम भागते; पण मग साध्या रस्त्यावर प्रत्येक वळणाला टायर किंचाळतात आणि झिजतात. अशी गाडी मैदानापुरतीच.

तिसरा खर्च चालकाच्या बुडाखालचा! शरीर घट्ट धरणारे आसन व पट्टा नसेल, तर माणूस स्वतःला सावरण्यासाठी स्टीअरिंगलाच लोंबकळतो, आणि मग ते फिरवावयाचे कसे? ब्रेक नवे, पुढचे टायर चांगले, मागचे स्वस्त. पण टायरच्या तारा दिसू लागल्या की ते काढलेच पाहिजेत. बॅटरी घट्ट बांधावी, आत पाण्याची बाटलीसुद्धा सुटी ठेवू नये, आणि डोक्यावर हेल्मेट हवेच.

शिकवणी ओल्या मैदानावर सुरू होते. पाण्यामुळे पकड थोड्या वेगातच सुटते; टायर वाचतात, माणूसही वाचतो. आधी एका खुणेभोवती वर्तुळ, मग इंग्रजी आठचा आकडा. गाडी घसरू लागली, की पुढची चाके आपण होऊन घसरणीच्या दिशेला वळू पाहतात. तेव्हा स्टीअरिंग हातातून फिरू द्यावयाचे आणि योग्य क्षणी धरावयाचे. घाबरून पाय एकदम उचलला, की गाडी गर्रकन उलटी फिरते. पकड सुटण्याचा तो क्षण पाठीला कळू लागला, म्हणजे पहिला धडा झाला.

हा सगळा खटाटोप बंदिस्त मैदानासाठी आहे. तेथे चूक झाली, तर प्लास्टिकची खुण आडवी होते. सार्वजनिक रस्त्यावर त्या खुणेच्या जागी कुणाचे तरी मूल उभे असते. घरातल्या मुलाला मोटारीचे वेड लागलेच, तर त्याला नुसते रागावू नये. तो पैसे प्रथम कशावर खर्च करू पाहतो, ते विचारावे. ब्रेक, आसन आणि हेल्मेट यांची नावे आधी आली, तर पोरगा खेळाडू होईल. नुसताच इंजिनच्या ताकदीविषयी बोलू लागला, तर किल्ली खुशाल आपल्या कपाटात ठेवावी.