नटाचा राग आणि प्रेक्षकाचा हक्क



नाटकाचा शेवटचा अंक संपून पडदा पडला कीं कांहीं मंडळी घरची वाट न धरतां रंगपटाच्या दाराकडे वळतात. मीहि एकदां असाच वळलों होतों. वय वीस-बावीस वर्षांचें, हातांत स्वाक्षरीची वही. ज्या नटाला तीन तास डोळे भरून पाहिलें तो दारांत आला, वहीकडे न पाहतांच ‘आतां नाहीं’ एवढेंच त्रासिक स्वरांत बोलला आणि निघून गेला. पुढें दहा वर्षें हा प्रसंग मी मित्रमंडळींत सांगत आलों, आणि खरें बोलायचें तर दर वेळीं त्या नटाच्या आवाजाला थोडी अधिक धार मीच चढवीत आलों. एके दिवशीं सांगतां सांगतां ध्यानांत आलें कीं, त्या गृहस्थाच्या आयुष्यांतील अर्धें मिनिट तेवढें मीं पाहिलें होतें. त्याच्या स्वभावाचा निकाल मात्र पुरता लावून टाकला होता! प्रसिद्ध नटांनीं कसें वागावें, त्यांचा राग कितपत क्षम्य मानावा आणि त्यांच्या खासगी आयुष्यावर आपला हक्क किती, याचा थोडा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

इतर धंद्यांत माणूस आणि त्याचें काम हीं वेगळीं काढतां येतात. सुतारानें केलेलें टेबल घरीं आणलें म्हणून सुतार कांहीं घरीं येत नाहीं. नटाचें तसें नाहीं. त्याचें शरीर, चेहरा आणि आवाज हींच त्याचीं हत्यारें, आणि तोच त्याचा माल. त्यामुळें त्याचें काम आवडलें कीं तो माणूसच आपल्या परिचयाचा झाला असें वाटूं लागतें. चित्रपटानें त्याचा चेहरा हातभर अंतरावर आणला. आतां तर तो तळहातावरच्या मोबाईलमध्यें येऊन बसला आहे. परंतु ही ओळख एकतर्फी आहे. आपण त्याला वीस वर्षें ओळखत असतों, त्यानें आपणांस त्या क्षणीं प्रथमच पाहिलेलें असतें. आपल्या प्रेमाचें मूळ या एकतर्फी ओळखींत आहे, आणि आपल्या रुसव्याचेंहि.

अपेक्षा किती वाढूं शकते याचें उदाहरण आपल्याच रंगभूमीवर आहे. १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस किर्लोस्कर नाटक मंडळी खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग करणार होती. त्याच दिवशीं बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग पुढें ढकलणें सहज शक्य होतें. परंतु बालगंधर्वांनीं तसें होऊं दिलें नाहीं. त्या रात्रीं ते भामिनी होऊन रंगभूमीवर उभे राहिले आणि प्रेक्षकांस आपल्या दुःखाचा मागमूसहि लागूं दिला नाहीं. ही हकीकत महाराष्ट्रानें शंभर वर्षांहून अधिक काळ आदरानें सांगितली आहे, आणि तो आदर योग्यच आहे. मात्र ती ऐकतांना एक गोष्ट आपल्या हातून सुटते. त्या रात्रीं बालगंधर्वांनीं जें दिलें तें दान होतें, कर्जाची फेड नव्हती. एखाद्या बापानें त्या दिवशीं ‘मला आज जमणार नाहीं’ असें म्हटलें असतें तर तो लहान ठरला नसता. थोर माणसानें आपखुषीनें केलेला त्याग आपण पुढच्या प्रत्येक नटाकडून हक्कानें मागूं लागतों, आणि तो मिळाला नाहीं म्हणजे त्याला उद्धट म्हणतों. घोटाळा होतो तो येथें.

दुसरा घोटाळा नटाच्या गृहजीवनाविषयींचा. इंग्लंडचा विख्यात नट एडमंड कीन याच्यावर परस्त्रीसंबंधावरून खटला झाला आणि जानेवारी १८२५ मध्यें तो हरला. नुकसानभरपाईदाखल आठशें पौंड भरण्याची त्याला शिक्षा झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं तो लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहांत उभा राहिला तेव्हां प्रेक्षकांनीं असा गोंगाट केला कीं त्याचें भाषण कोणास ऐकूंच येईना. कीनचें वर्तन समर्थनीय होतें असें मी म्हणत नाहीं. परंतु त्याचा न्याय न्यायालयानें केलेला होता. नाट्यगृहांत तोच खटला दुसऱ्यांदा, साक्षीपुराव्यावांचून, चालला.

या बाबतींत कायदा काय म्हणतो? खासगीपणाच्या आधुनिक कायद्याच्या आरंभींच एक नटी उभी आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १८९० सालीं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरांत मॅरियन मॅनोला ही गायिका-नटी एका संगीत नाटकांत काम करीत होती. भूमिकेसाठीं तिला अंगास घट्ट बसणारा पोशाख घालावा लागे. त्या पोशाखांत छायाचित्र काढून घेण्यास तिची संमति नव्हती. तरी एका रात्रीं बॉक्समधून एकाएकीं प्रकाश टाकून तिचें छायाचित्र चोरून घेण्यांत आलें. तिनें कोर्टाकडे धांव घेतली आणि त्या चित्राचा उपयोग करण्यास मनाई करणारा हुकूम मिळविला. जी बाई शेंकडों लोकांसमोर त्याच पोशाखांत उभी राहते तिनें चित्राला हरकत कां घ्यावी, असें कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. त्या रात्रीं आलेल्यांना दर्शन देणें ही एक गोष्ट आणि कायमचें भिंतीभिंतीवर चिकटणें ही दुसरी. पहिलीला तिचा होकार होता, दुसरीला नव्हता. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत वॉरन आणि ब्रँडाइस या दोघां वकिलांचा खासगीपणाच्या हक्कावरील प्रसिद्ध लेख हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकांत आला; त्यांत या खटल्याचा उल्लेख आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९४ सालच्या एका निकालांत सांगितलें कीं, आपलें कुटुंब, विवाह, संतति, शिक्षण इत्यादि गोष्टी स्वतःपाशीं राखण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास आहे. मात्र जो स्वतः होऊन वादांत उडी घेतो त्याची गोष्ट निराळी. पुढें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. प्रसिद्ध माणूस यांतून वगळलेला नाहीं.

आतां रागाकडे वळूं. नटाचे राग दोन जातींचे असतात, आणि ते एकाच तराजूंत घालणें बरें नव्हे. पहिला राग उंबरठा राखणारा. भर प्रयोगांत मोबाईल वाजतो, कोणी तेथेंच बोलूं लागतो आणि नट थांबून खडसावतो. २०१९ सालीं सुबोध भावे यांनीं या उपद्रवाला कंटाळून नाटकांत काम करणेंच थांबविण्याची भाषा केली होती. हॉस्पिटलांत, स्मशानांत किंवा मुलांसह फिरतांना तोंडापुढें कॅमेरा येतो तेव्हांचा रागहि याच जातीचा. आपल्या घरीं न विचारतां कोणी शिरला तर आपणहि याहून निराळे वागणार नाहीं.

दुसरा राग खालच्यावर कोसळणारा. २००८ सालीं एका चित्रपटाच्या चित्रीकरणांत ख्रिश्चन बेल हा नट आपल्या प्रवेशाच्या वेळीं मध्यें आलेल्या छायाचित्रणकारावर बेभान होऊन ओरडला. त्याचें ध्वनिमुद्रण फेब्रुवारी १९०९ नव्हे, २००९ मध्यें बाहेर फुटलें आणि जगभर ऐकलें गेलें. नंतर त्यानें रेडिओवरून उघड माफी मागितली. ध्वनिमुद्रण चोरून बाहेर आणणें गैर होतें असें म्हणतां येईल. पण म्हणून तो राग खासगी ठरत नाहीं. ज्याच्यावर कोणी ओरडतो त्यालाहि अब्रू असते. रंगभूषा करणारा, कपडे सांभाळणारा, चहा आणून देणारा पोऱ्या यांना उलट बोलण्याची सोय नसते. अशा वेळीं आपण काय म्हणतों? ‘मोठा कलावंत आहे, चालायचेंच!’ स्वाक्षरी न मिळाल्यानें जे आपण चिडतों, तेच आपण येथें उदार होतों. न्याय नेमका उलटा झाला पाहिजे. आपणांस नकार देण्याचा हक्क नटास मोकळेपणानें द्यावा, आणि हाताखालच्या माणसाचा अपमान करण्याचा हक्क कोणत्याहि गुणवत्तेच्या मोबदल्यांत देऊं नये.

याचा अर्थ नटावर कांहींच बंधन नाहीं असा नव्हे. वेळेवर यावें, भूमिका चोख करावी, दारूच्या धुंदींत रंगभूमीवर पाऊल ठेवूं नये, हें मागण्याचा हक्क तिकिटाबरोबर आपणांकडे येतो. जो नट स्वतःच्या घरच्या लग्नकार्याचीं चित्रें होऊन विकतो, त्यानें त्याच कार्याच्या चर्चेबद्दल फार कुरकूर करूं नये, हेंहि रास्त. परंतु पडदा पडल्यावर त्याचें हसूं, त्याचें दुःख आणि त्याचा थकवा हीं त्याचीं स्वतःचीं आहेत. तीं तिकिटांत येत नाहींत.

माझी ती स्वाक्षरीची वही अद्याप घरीं आहे आणि तें पान कोरेंच आहे. तो प्रसंग मी अजूनहि कधींमधीं सांगतों, पण आतां एवढाच सांगतों कीं, नाटक फार सुंदर झालें आणि नट फार दमलेला होता.