बेणारेबाईंचा खटला

परभणीत राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी रंगते, तेव्हा पडद्यामागची तारांबळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली मंडळी परकी वाटणार नाहीत. परगावी आलेला हौशी नटसंच, रिकामा हॉल आणि हाताशी मोकळा वेळ! मग गंमत म्हणून एक खोटा खटला उभा राहतो आणि आरोपी ठरते लीला बेणारे, एक हसरी, अविवाहित शिक्षिका. ‘रंगायन’ने डिसेंबर १९६७ मध्ये हे नाटक याच राज्य स्पर्धेसाठी बसवले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे. बेणारे झाल्या सुलभा देशपांडे.

पाहता पाहता गंमत संपते. बाई गरोदर आहेत आणि मुलाचे वडील विवाहित प्राध्यापक दामले. हे गृहस्थ रंगमंचावर एकदाही येत नाहीत. त्यांना जाब विचारावा, असे कोणाच्या मनातही येत नाही!

पण त्याहून जुना एक गुन्हा या नाटकात आहे. बेणारे जेमतेम चौदा वर्षांची असताना मामाने तिला प्रेमाच्या नादी लावले आणि लग्नाचे नाव निघताच पाय काढला. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने असा मामाच पिंजऱ्यात उभा राहील. या कोर्टात ती हकीकत पुरावा ठरते, आणि तोही तिच्याविरुद्ध.

विलायतेत १९५८ साली एकोणीस वर्षांच्या शेला डिलेनीचे ‘अ टेस्ट ऑफ हनी’ रंगभूमीवर आले. त्यातली जो हीदेखील लग्नावाचून आई होणारी. आईशी तिची कडाक्याची भांडणे होतात, समलिंगी मित्र जेफ्री तिची काळजी वाहतो. पण तिच्यावर खटला भरायला कोणी बसत नाही. आमच्याकडे मात्र शेजारीपाजारीसुद्धा न्यायाधीश, नाही का?

काशीकर शिक्षा फर्मावतात : पोटातला गर्भ नष्ट करावा. आरोप कसला, तर भ्रूणहत्येचा! त्या काळी आपल्याकडे गर्भपात हा गुन्हा होता. कायदा सैल झाला तो १९७१ मध्ये. बेणारेची कैफियत प्रेक्षकांना ऐकू येते, कोर्टाला नाही.

मंडळी रात्रीच्या प्रयोगाच्या तयारीला लागतात. ती तशीच पडून. कादंबरीतले उतारे वाचून खोटी साक्ष देणारा सामंत तेवढा आपला हिरवा कापडी पोपट हळूच तिच्याजवळ ठेवून जातो.